दोन्हीसरांचा सल्ला

आमच्या विद्यापीठात विज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला एक ऐच्छिक विषय असतो. ऐच्छिक म्हणजे तो घ्यावाच लागतो. कोणता घ्यायचा एवढंच मुलांच्या इच्छेवर सोडलेलं असतं. आणि आपली इच्छा नक्की काय आहे हे ज्यांना ठाऊक नसतं, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी एक मार्गदर्शक नेमलेला असतो. पदार्थविज्ञान विभागात हे काम कैक वर्षं एकाच माणसाकडे होतं. मुलं त्यांना दोन्हीसर म्हणायची. पुढे आम्ही सहकारीही म्हणायला लागलो, आणि एकदा तर पगारपत्रक वाटणाऱ्या कारकुनानं चारचौघांत त्याच नावानं हाक मारली. सरांनी शांतपणे 'आलो' म्हणून जाऊन पाकीट घेतलं.

मी गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल माझ्या समोर होतं, त्यामुळे त्यांचं मार्गदर्शन मी रोज फुकटात ऐकत असे. मुलगा यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि आपली अडचण सांगायचा. सर चष्मा काढून ठेवायचे आणि खरोखर मन लावून ऐकायचे. असं ऐकणारा माणूस आमच्या विभागात दुसरा नव्हता. मुलाचं सांगून झालं की ते चष्मा चढवायचे, दोन्ही विषयांच्या माहितीपत्रकांकडे आळीपाळीनं बघायचे आणि म्हणायचे, "हे बघ, तसे दोन्ही चांगले आहेत."

मुलगा आला होता तितकाच गोंधळलेला परत जायचा, पण समाधानानं जायचा. बाहेर जाऊन मित्रानं जे भरलं असेल तेच भरायचा. कोणी सकाळी आठचा तास टाळायचा, कोणी पंखा चालू असलेली खोली बघायचा, आणि कोणी आपली ती कुठं जाते आहे ते बघून मागोमाग जायचा. पुढे काहीही झालं तरी सरांच्या नावानं कोणी खडे फोडले नाहीत. जो विषय घेतला तो चांगला आहे असं सरांनी सांगितलेलंच असायचं.

त्यांच्या खिशाला निळं आणि काळं अशी दोन पेनं असत. सही करायची वेळ आली की बोट दोन्हींवरून फिरायचं, आणि मग समोरच्याला विचारायचे, "तुमच्याकडे पेन आहे का?"

स्वतःच्या आयुष्यातही त्यांनी फारसं काही निवडलं नव्हतं. प्रवेशाच्या वेळी रसायनशास्त्राची रांग उन्हात होती आणि पदार्थविज्ञानाची व्हरांड्याच्या सावलीत, म्हणून ते पदार्थविज्ञानात आले. शिक्षण संपल्यावर त्यांचे प्राध्यापक त्यांना म्हणाले, "मी परत येईपर्यंत माझे तास बघ." प्राध्यापक परदेशी गेले ते गेलेच. सर अजून तास बघताहेत.

लग्नाची गोष्ट तर त्यांच्या बायकोच्याच तोंडून ऐकावी. वहिनींचं चष्म्याचं दुकान आहे. तरुणपणी सर तिथं डोळे तपासून घ्यायला गेले. वहिनी काचा बदलत होत्या आणि विचारत होत्या, "ही बरी, की ही?" सर म्हणत होते, "दोन्ही बऱ्या आहेत." दुकान बंद करायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तिसऱ्या दिवशीही तेच. "मला वाटलं, माझ्यासाठी येतोय," वहिनी सांगतात. "म्हणून मीच विचारून टाकलं. नंतर कळलं की स्वारीला खरंच ठरवता येत नव्हतं. पण तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या." हे ऐकताना सर शेजारी बसून हसत असतात. आपल्या बाबतीत सगळं आपोआप चांगलंच झालं, याचा त्यांना मनापासून आनंद वाटतो.

मी एकदा त्यांना छेडलं होतं. "अहो, कधीतरी एक तरी सांगून टाका की पोरांना."

"एकाला चांगलं म्हटलं," ते म्हणाले, "की दुसऱ्याला आपण काही न बोलता वाईट म्हणतो. त्याच्या शिकवणाऱ्याला काय वाटेल?"

हे सगळं असंच सुरळीत चाललं असतं. पण त्या वर्षी आमचे विभागप्रमुख आठवडाभराच्या कार्यशाळेला गेले आणि क्वांटम कॉम्प्युटिंग शिकून आले.

म्हणजे काय शिकून आले ते कळायला मार्ग नव्हता, पण येताना एक कापडी पिशवी, एक बिल्ला आणि एक मोठं छायाचित्र घेऊन आले. छायाचित्रात झुंबरासारखं सोनेरी यंत्र होतं. ते त्यांनी चौकटीत बसवून विभागाच्या दारासमोर लावलं. खाली लिहिलं, 'उद्याचा संगणक'. यंत्र आमच्याकडे नव्हतं आणि येण्याची शक्यताही नव्हती, पण चौकट इतकी भारी होती की बाहेरून आलेले पाहुणे 'आतल्या खोलीत असेल' असं समजून जायचे. महिन्याभरात दोनांतल्या एका जुन्या विषयाच्या जागी क्वांटम कॉम्प्युटिंग हा नवा ऐच्छिक विषय मंजूर झाला. वर्ग नव्या सभागृहात, मऊ खुर्च्या, थंडगार हवा, वेळ सकाळी अकराची. शिकवणार स्वतः प्रमुख.

त्याच्या समोर दुसरा पर्याय होता ध्वनिशास्त्राचा. तो तळघरात, सकाळी आठ वाजता. शिकवणाऱ्या मॅडमना आम्ही सगळेच थोडे वचकून असू. बुटक्या, केस आखूड, आवाज खणखणीत. आयुष्यभर भोंगे आणि नादकाटे कानाशी धरून त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. बैठकीत त्या प्रमुखांच्या उजव्या हाताला बसत, म्हणजे प्रमुख डाव्या कानाला येत. हे योगायोगानं होतं असं मला कधीच वाटलं नाही.

नियम असा होता की पुरेशी मुलं आली नाहीत तर विषय बंद. प्रमुखांना तळघर हवं होतं. तिथं क्वांटमची प्रयोगशाळा करायची होती, म्हणजे आणखी चौकटी लावायच्या होत्या. त्यांनी दोन्हीसरांना खोलीत बोलावलं. मी वेळापत्रकाच्या कामासाठी तिथंच बसलो होतो.

"सर, यंदा मार्गदर्शन जरा नीट झालं पाहिजे," प्रमुख म्हणाले.

"हो, करतो की. तसे दोन्ही..."

"यंदा एकच चांगला आहे." प्रमुखांनी पाण्याचा पेला सरांकडे सरकवला. "अहो, मार्गदर्शन म्हणजे काय? मार्ग आपण ठरवायचा आणि पोरांना त्याचं दर्शन घडवायचं. इतकं सोपं आहे."

सर पाणी प्यायले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. प्रमुखांनी ते हो धरलं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या कानावर काय आलं होतं कोण जाणे, पण त्यांनी सरांना भिंतीशी गाठलं.

"काय सांगणार आहात पोरांना?"

"मी तर नेहमी सांगतो मॅडम, दोन्ही चांगले आहेत."

"माझ्या वर्गात बसलायत कधी?"

"नाही."

"त्यांच्या?"

"त्यांचा अजून सुरू व्हायचाय."

"मग दोन्ही चांगले हे कशावरून?"

मॅडमनी उजवा कान थोडा पुढे केला, काही उत्तर येतंय का ते पाहिलं, आणि निघून गेल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न सरांना कोणीच विचारला नव्हता. मीही नाही. त्या दिवशी सर टेबलाशी बसून बराच वेळ दोन्ही माहितीपत्रकं बघत होते. मग म्हणाले, "चला, दोन्हीकडे बसून येऊ." निवड करण्याआधी आठवडाभर मुलांना कुठल्याही वर्गात बसून बघता येतं. शिक्षक बसल्याचं मात्र कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

आधी गेलो क्वांटमला. सभागृह गच्च भरलं होतं. प्रमुखांनी पडद्यावर चित्रांमागून चित्रं दाखवली. झुंबर डावीकडून, झुंबर उजवीकडून, झुंबरासमोर प्रमुख. 'शक्यता' हा शब्द इतक्या वेळा आला की शेवटी तो काहीच शक्य नसल्यासारखा वाटायला लागला. मध्येच तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण यात आपण नक्की करणार काय?"

"अतिशय उत्तम प्रश्न!" प्रमुख म्हणाले आणि पुढचं चित्र दाखवलं.

ती मुलगी सरांची होती. आमच्याच विभागात, त्याच वर्षाला. सर अस्वस्थ होऊन खुर्चीत खाली सरकले.

दुसऱ्या दिवशी आठला तळघरात गेलो. दहा-बाराच मुलं होती, त्यातली निम्मी झोपेत. मॅडमनी सगळ्यांना एका खोलीत नेलं. तिच्या भिंतींना, छताला, दाराला आतून करड्या फोमच्या टोकदार पाचरी लावलेल्या होत्या. मुलं तिला मुकी खोली म्हणतात, कारण तिथं आवाज घुमत नाही, निघाला तिथंच विरतो. दार बंद झालं. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

मी गणिताचा माणूस. शून्य रोज फळ्यावर लिहितो, पण शून्यात कधी उभा राहिलो नव्हतो. थोड्या वेळानं कानांत एक बारीक गुणगुण सुरू झाली. मग कोणाचं तरी घड्याळ ऐकू आलं. मग एका मुलाच्या पोटानं जोरात गुर्रर केलं. सगळे हसले, आणि ते हसू इतकं सपाट, इतकं कोरडं निघालं की सगळे दचकून गप्प झाले.

"हसता काय? मोजा!" मॅडम म्हणाल्या आणि आवाज मोजायचं यंत्र त्या मुलाच्या पोटाशी धरलं. पुढचा तासभर आम्ही पोटं, बुटांचा करकराट आणि मिटलेल्या वहीची पानं मोजत होतो. झोपलेली मुलं कधी जागी झाली ते कळलंच नाही.

जिना चढताना सर मध्येच थांबले. "मला माझं गिळणं ऐकू आलं हो," ते म्हणाले. "इतकी वर्षं गिळतोय. आज ऐकलं."

मार्गदर्शनाच्या दिवशी पहिला मुलगा आला, खुर्चीच्या कडेवर बसला, अडचण सांगितली. सरांनी चष्मा चढवला. माहितीपत्रकांकडे बघितलंच नाही.

"ध्वनिशास्त्र घे," ते म्हणाले.

मुलगा मागं वळून बघायला लागला, कोणी दुसरं बोललं की काय. मग म्हणाला, "सर, दोन्ही चांगले नाहीत का?"

"क्वांटम चांगलं असेलही. पण मला विचारशील तर ध्वनिशास्त्र. मी स्वतः बसून आलोय."

मुलगा पांढराफटक पडून बाहेर गेला. दुसरा आला, त्यालाही तेच. तिसऱ्यालाही. मी मनात म्हटलं, शेवटी हा माणूस बोलला! दुपारी चहा घ्यायला कॅंटीनमध्ये गेलो तेव्हा बाहेर काय पेटलंय ते कळलं.

"दोन्हीसर एकच विषय सांगताहेत," एक जण सांगत होता. "म्हणजे पाणी नक्की मुरतंय."

"मॅडम त्यांच्या नात्यातल्या असतील."

"अरे, तो विषय बंद पडायला आलाय. बळीचे बकरे हवेत त्यांना."

"उलट आहे. क्वांटममध्ये काहीतरी जबरदस्त आहे आणि आपल्याला कळू द्यायचं नाहीये. नाहीतर इतक्या वर्षांत न बोललेला माणूस आजच का बोलेल?"

हे शेवटचं सगळ्यांना पटलं. जी चार मुलं मुक्या खोलीवर खूश होऊन ध्वनिशास्त्र घेणार होती, तीही घाबरून पलटली. दुसऱ्या विभागांतली मुलंही ऐकून धावत आली, आणि संध्याकाळपर्यंत क्वांटमची रांग जिन्यावरून खाली उतरून दरवाज्याबाहेर गेली. सरांनी जन्मात एकदा मत दिलं आणि एका दिवसात अख्खा वर्ग विरुद्ध दिशेला धाडला.

मार्गदर्शनाला सगळ्यांत शेवटी त्यांची मुलगी आली. खुर्चीत नीट मागं टेकून बसली.

"सर, तुमचं मार्गदर्शन हवंय."

"अगं, घरी विचारायचंस की."

"घरी तू दोन्ही चांगले म्हणतोस. इथं आज वेगळं मिळतंय असं ऐकलं."

"ध्वनिशास्त्र घे," सर म्हणाले.

ती खुर्चीत पुढे सरकली. "बाबा, तू खरंच सांगतोयस?"

"खरंच."

"मग मला वाईट वाटतंय, कारण मी क्वांटम घ्यायचं म्हणतेय."

"का? त्यांनी तुझ्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा दिलं नाही."

"म्हणूनच. त्यांना येत नाहीये ना, मग मला शोधायचंय. मला ते गणित करून बघायचंय. तू चिडलास?"

सरांना चिडता येत असतं तर ते चिडले असते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. "नाही," ते म्हणाले. "पण परत एकदा विचार कर."

हे म्हणायला नको होतं. विचार करण्याचा वारसा मुलीकडे बापाकडूनच आला होता. ती घरी जाऊन विचार करत बसली आणि अगदी शेवटच्या दिवशी, अर्ज घ्यायची खिडकी बंद होता होता, क्वांटम भरून आली. वहिनी म्हणाल्या, "माझ्या दुकानात माणसं दोन काचांत कौल देतात, आणि माझ्या घरात बघा!"

प्रमुखांनी सरांना परत बोलावलं. आम्हाला वाटलं, आता बिनपाण्यानं होणार. पण बघतो तर प्रमुखांनी उठून हात मिळवला.

"मानलं तुम्हाला! असा उलटा डाव! मला आधी सांगितलं का नाही?"

"साहेब, डाव नव्हता. मी मनापासून सांगत होतो."

"अर्थात, मनापासूनच सांगायला हवं. त्याशिवाय पोरांना संशय कसा येणार?" प्रमुखांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या वर्षापासून सगळ्या विज्ञान शाखेचं मार्गदर्शन तुमच्याकडेच."

"नाही," सर म्हणाले.

"काय नाही?"

"नको मला."

प्रमुखांना तो विनय वाटला. कागद पुढे गेला, पण सरांनी सहीच केली नाही. पेन नाही असंही म्हणाले नाहीत. नुसतं करत नाही म्हणाले. शेवटी त्यांच्या जागी दारापाशी संगणकाचा एक पडदा बसवला. त्यावर प्रश्नांची उत्तरं देत बोटं दाबली की शेवटी योग्य विषय कळायचा. तो सगळ्यांना क्वांटम कॉम्प्युटिंग सांगायचा. गंमत म्हणून कॅंटीनवाल्यानं बोटं दाबली तर त्यालाही. तो अजून सगळ्यांना सांगतो की माझी चहाच्या नादात मोठी संधी हुकली.

पण त्या वर्षीची खरी गंमत वेगळीच झाली. यादी लागली तेव्हा इमारत सांभाळणारा अभियंता येऊन म्हणाला, सभागृहात खुर्च्यांपेक्षा जास्त मुलं बसवता येणार नाहीत, आग लागली तर जबाबदारी माझ्यावर येते. प्रमुख म्हणाले, मुलं उभी राहतील. अभियंता म्हणाला, उभ्यांनाही आग लागते. प्रमुखांनी वरपर्यंत धाव घेतली. वरच्यांनी नियम वाचून दाखवला. शेवटी रांगेत मागं असलेल्या सगळ्यांना उचलून उरलेल्या विषयात टाकलं. उरलेला विषय एकच होता. ज्या ध्वनिशास्त्राला कोणी हात लावला नव्हता, त्याचं तळघर काठोकाठ भरलं. सरांनी नेहमीसारखं 'दोन्ही चांगले' म्हटलं असतं तर बाहेरच्या विभागांतली पोरं आलीच नसती, आमची सगळी सभागृहात मावली असती आणि ध्वनिशास्त्र नक्की बंद पडलं असतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी समोर आंबट चेहऱ्यांनी बसलेल्या गर्दीकडे पाहिलं. "स्वतःहून कोण आलंय?" एकाचा हात वर गेला, पण तो कान खाजवत होता.

सरांची मुलगीही त्याच गर्दीत होती. घरी आल्यावर तिनं रागानं दप्तर फेकलं, बापाशी दोन दिवस बोलली नाही, आणि महिनाभर सगळ्यांना सांगत फिरली की माझ्यावर अन्याय झाला. मग हळूहळू ती पातेल्यांवर चमचे वाजवून बघायला लागली, दुकानातल्या काचांवर टिचक्या मारायला लागली, तेव्हा वहिनींनी तिला दुकानात यायची बंदी केली. क्वांटमचं गणित ती माझ्याकडे येऊन शिकली. मला येत होतं तेवढं मी शिकवलं, उरलेलं तिनं मला शिकवलं. आता ती एका विमा कंपनीत आहे. तिथं दोन्हींतलं काही लागत नाही, असं ती सांगते, आणि सांगताना तिला फारसं वाईट वाटत नाही.

प्रमुख पुढे वरच्या पदावर गेले. झुंबराचं छायाचित्र सोबत घेऊन गेले. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग आहे.

आणि सर? मार्गदर्शन सुटल्यावर त्यांच्याकडे सकाळ मोकळी राहायला लागली. एकदा आठच्या सुमाराला मी तळघरात काही कामासाठी गेलो, तर ते शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसले होते. मांडीवर वही. मॅडमनी फळ्यावर आकृती काढली, वर्गावर नजर फिरवली आणि खडू थेट त्यांच्याकडे रोखला.

"तुम्ही सांगा. दार उघडलं तर खोलीतला आवाज वाढेल की कमी होईल?"

सर उभे राहिले. चष्मा काढला, परत चढवला. पुढच्या बाकावरची दोन पोरं मागं वळून बघायला लागली. आता काय येणार ते त्यांना माहीत होतं.

"वाढेल," सर म्हणाले.

"चूक," मॅडम म्हणाल्या आणि पुढे शिकवायला लागल्या.

सर खाली बसले. कान लाल झाले होते. मग मला दारात बघून त्यांनी ओळखीचं हसू दिलं, वही उघडली आणि का चूक ते लिहून घ्यायला लागले.